समुद्रापलीकडची सहल

थंडीची चाहूल लागली की घरोघरी सुट्टीचे बेत सुरू होतात. महाराष्ट्रातील शाळांना मोठी सुट्टी दिवाळीत आणि लहान सुट्टी नाताळात मिळते. उत्तर व मध्य भारतात मात्र डिसेंबरच्या अखेरीस थंडीची सुट्टी दिली जाते. या सुट्टीत पूर्वी आजोळी किंवा एखाद्या तीर्थक्षेत्री जाण्याचा प्रघात होता. आता विमानप्रवास बऱ्याच कुटुंबांच्या आवाक्यात आल्यामुळे समुद्रापलीकडच्या देशांची नावेही घरातल्या बोलण्यात येऊ लागली आहेत.

देशातील सहल आणि परदेशातील सहल यांत एक महत्त्वाचा फरक आहे. देशात प्रवास करताना तिकीट आणि ओळखपत्र एवढ्यावर भागते. काही राहिले किंवा चुकले, तर ते वाटेत सुधारता येते. परदेशप्रवासात मात्र प्रत्येक टप्प्यावर कोणता ना कोणता कागद दाखवावा लागतो आणि त्यातील एका अक्षराची चूकही महागात पडू शकते. वर्षानुवर्षे साठवलेला पैसा अशा सहलीत गुंतलेला असतो. म्हणून तिचे यश बहुतांशी घर सोडण्यापूर्वीच ठरते. ही तयारी कोणती, ती केव्हा करावी आणि तिच्यामागची कारणे कोणती, हे एका उदाहरणाने स्पष्ट होईल.

समजा, इंदूरमध्ये पाच जणांचे एक मराठी कुटुंब राहते. वडील कारखान्यात यंत्रदुरुस्तीचे काम करतात. आई डबे पुरवण्याचा व्यवसाय सांभाळते. तिची शाळा नववीत सुटली होती. ते शिक्षण ती आता मुक्त विद्यालयातून पूर्ण करीत आहे. घरात सत्तरी ओलांडलेली आजी आणि शाळेत जाणारी दोन मुले आहेत. काही वर्षांच्या बचतीतून येत्या डिसेंबरअखेर मॉरिशसला जावे, असे या कुटुंबाने जूनमध्येच ठरवले आहे.

ठिकाणाची निवड

मॉरिशस हे हिंदी महासागरातील एक लहान बेट आहे. मुंबईहून थेट विमानाने तेथे पोहोचण्यास सुमारे सहा तास लागतात. तेथील घड्याळ भारतापेक्षा दीड तास मागे असते. इंग्रजी, फ्रेंच आणि क्रिओल या भाषा तेथे चालतात. लोकसंख्येतील मोठा भाग भारतीय वंशाचा असल्यामुळे डाळ, भात, भाजी यांसारखे जेवण मिळण्यास अडचण पडत नाही. वयस्क व्यक्ती आणि मुले बरोबर असताना या गोष्टींना महत्त्व असते.

मराठी माणसाला मॉरिशसबद्दल वाटणाऱ्या जवळिकीचे आणखी एक कारण आहे. एकोणिसाव्या शतकात कोकण आणि आसपासच्या भागांतून मजूर म्हणून गेलेल्या लोकांचे वंशज तेथे राहतात. गणेशचतुर्थीला तेथे सार्वजनिक सुट्टी असते आणि सरकारी प्राथमिक शाळांत मराठी हा विषय निवडता येतो.

परंतु केवळ जवळीक पाहून ठिकाण ठरवणे योग्य नव्हे. ऋतूही पाहावा लागतो. मॉरिशस विषुववृत्ताच्या दक्षिणेस आहे. त्यामुळे भारतात थंडी असते, त्या वेळी तेथे उन्हाळा असतो. आपल्याकडे वैशाखात फुलणारा गुलमोहर तेथे नाताळच्या सुमारास लाल होतो आणि बाजारात आंबे व लिची येतात. डिसेंबरमध्ये भरदुपारी सूर्य जवळजवळ डोक्यावर असतो. म्हणून स्वेटरऐवजी सुती कपडे, टोपी आणि छत्री बरोबर घ्यावी लागते. हा काळ पर्यटकांच्या गर्दीचा असल्याने विमानाचे आणि निवासाचे दरही चढे असतात. लवकर आरक्षण केले, तर हा भार काही अंशी हलका होतो.

पारपत्र : पहिला कागद

परदेशप्रवासाचा पाया म्हणजे पारपत्र, अर्थात पासपोर्ट. भारतात तो पारपत्र अधिनियम, १९६७ नुसार दिला जातो. त्यासाठी पासपोर्ट सेवेच्या सरकारी संकेतस्थळावर अर्ज भरावा लागतो, शुल्क भरून भेटीची वेळ घ्यावी लागते आणि ठरलेल्या दिवशी मूळ कागदपत्रांसह केंद्रावर जावे लागते. २०१७ पासून अनेक मुख्य टपाल कार्यालयांतही अशी केंद्रे सुरू झाल्यामुळे लहान गावांतील लोकांची मोठ्या शहरापर्यंतची पायपीट कमी झाली आहे. सरकारी संकेतस्थळासारखी दिसणारी बनावट संकेतस्थळेही आढळतात. त्यामुळे पैसे भरण्यापूर्वी पत्ता नीट पाहणे आवश्यक असते.

अर्ज करताना खरी अडचण येते ती नावांची आणि जन्मतारखांची. आपल्या उदाहरणातील आजीच्या एका कागदावर तिचे नाव नुसते आहे, तर दुसऱ्यावर त्याला ‘बाई’ जोडलेले आहे. आधार कार्डावर जन्माचे केवळ वर्ष आहे. आईच्या शाळेच्या दाखल्यावर माहेरचे नाव, तर बँकेच्या पुस्तकावर सासरचे नाव आहे. देशातील दैनंदिन व्यवहारात अशा तफावतीकडे कोणी फारसे लक्ष देत नाही. पासपोर्टच्या वेळी मात्र त्या सर्व उघड्या पडतात. म्हणून अर्ज भरण्यापूर्वी घरातील सर्व कागद एकत्र मांडून नावे व तारखा ताडून पाहाव्यात आणि आवश्यक त्या दुरुस्त्या आधी करून घ्याव्यात. लग्नानंतर स्त्रीने पासपोर्टवर नाव बदललेच पाहिजे, असे बंधन नाही. मात्र जे नाव पासपोर्टवर असेल, तेच अक्षरशः विमानाच्या तिकिटावर असावे लागते.

प्रौढ व्यक्तीचा पासपोर्ट दहा वर्षे चालतो. लहान मुलांचा पासपोर्ट साधारणपणे पाच वर्षे किंवा वयाची अठरा वर्षे पूर्ण होईपर्यंत, यांपैकी जे आधी येईल तोपर्यंत चालतो. त्यामुळे आईवडिलांचा पासपोर्ट चालू असूनही मुलांचा संपलेला असू शकतो. १ ऑक्टोबर २०२३ रोजी किंवा त्यानंतर जन्मलेल्या बालकांसाठी जन्माचा पुरावा म्हणून जन्मदाखलाच द्यावा लागतो. शिवाय प्रवासाच्या तारखेनंतर पासपोर्टची मुदत किमान सहा महिने शिल्लक असावी, अशी अनेक देशांची अपेक्षा असते. पोलीस पडताळणीलाही वेळ लागू शकतो. तातडीने पासपोर्ट मिळवण्याची तत्काळ सोय आहे. पण तिच्यासाठी अधिक शुल्क मोजावे लागते. तहान लागल्यावर विहीर खणण्यापेक्षा हे काम पावसाळ्याच्या आरंभीच उरकणे श्रेयस्कर ठरते.

इसीआर म्हणजे काय?

दहावी उत्तीर्ण नसलेल्या प्रौढ व्यक्तीच्या पासपोर्टवर अनेकदा ‘इसीआर’ अशी नोंद असते. स्थलांतराची तपासणी आवश्यक आहे, असा तिचा अर्थ होतो. ही नोंद पाहून आपल्याला परदेशी जाता येणार नाही, असा काहींचा समज होतो. तो बरोबर नाही. स्थलांतर अधिनियम, १९८३ खालील ही तरतूद नोकरीसाठी ठरावीक देशांत जाणाऱ्या व्यक्तींकरिता आहे. कमी शिकलेल्या कामगारांची परदेशात फसवणूक होऊ नये, हा तिचा हेतू आहे. केवळ पर्यटनासाठी जाणाऱ्याला अशा परवानगीची गरज नसते आणि मॉरिशस त्या ठरावीक देशांच्या यादीतही नाही.

पन्नाशी ओलांडलेल्या व्यक्तींना ही नोंद लागू होत नाही. त्यामुळे आजीच्या पासपोर्टवर ती येणार नाही. आईच्या पासपोर्टवर मात्र येऊ शकते. मान्यताप्राप्त मंडळाची दहावीची परीक्षा उत्तीर्ण झाल्यावर प्रमाणपत्र दाखवून नवा पासपोर्ट घेताना ती काढून टाकता येते. मुक्त विद्यालयाचे माध्यमिक प्रमाणपत्रही त्यासाठी चालते. अर्धवट सुटलेले शिक्षण पूर्ण करण्याचा हाही एक लाभ आहे.

प्रवेशाचे नियम आणि तिकीट

भारतीय नागरिकाला पर्यटनासाठी मॉरिशसला जाताना आधी व्हिसा काढावा लागत नाही. याचा अर्थ तेथे कसेही गेलेले चालते, असा मात्र नाही. परतीचे तिकीट, राहण्याच्या ठिकाणाचा तपशील आणि मुक्कामाच्या खर्चापुरते पैसे आहेत, हे विमानतळावरील अधिकारी पाहू शकतात. तेथील सरकारच्या संकेतस्थळावर प्रवासापूर्वी एक आगमन-अर्जही भरावा लागतो. असे नियम वेळोवेळी बदलतात. म्हणून ओळखीच्या माणसाच्या गेल्या वर्षीच्या अनुभवावर विसंबून न राहता तिकीट काढण्यापूर्वी आणि निघण्याच्या आठवड्यात ते पुन्हा तपासावेत.

सहलीची सर्व व्यवस्था करणाऱ्या संस्थेचे पॅकेज घ्यायचे असेल, तर तिच्या माहितीपत्रकातील रंगीत चित्रांपेक्षा शेवटच्या पानावरील बारीक अक्षरे अधिक लक्षपूर्वक वाचावीत. दरात काय समाविष्ट आहे आणि काय वगळले आहे, रात्रीचे जेवण आहे का, बोटीच्या सफरीचे पैसे वेगळे आहेत का, सहल रद्द केल्यास किती रक्कम परत मिळते, हे प्रश्न आगाऊ रक्कम देण्यापूर्वी विचारायचे असतात. उत्तरे तोंडी न घेता लेखी घ्यावीत. पुढे वाद झाला, तर तोंडी शब्दाला आधार राहत नाही.

आणखी एक बाब सहज नजरेतून सुटते. इंदूरहून मुंबईला आणि मुंबईहून मॉरिशसला अशी दोन वेगवेगळी तिकिटे काढली आणि पहिले विमान धुक्यामुळे रखडले, तर दुसरे विमान थांबत नाही. डिसेंबरमध्ये धुक्याचा संभव असल्याने मुंबईत एक दिवस आधी पोहोचणे किंवा दोन्ही प्रवासांचे एकत्रित तिकीट काढणे सुरक्षित असते. आंतरराष्ट्रीय विमानासाठी साधारणतः तीन तास आधी विमानतळावर हजर राहावे.

पैशाचे नियोजन

अंथरूण पाहून पाय पसरावेत, ही म्हण परदेशप्रवासाला विशेष लागू पडते. खर्चाचे अंदाजपत्रक करताना विमानभाडे, निवास, स्थानिक प्रवास, जेवण, प्रवेशशुल्क, विमा आणि अनपेक्षित खर्च असे वेगवेगळे रकाने करावेत. अनपेक्षित खर्चाचा रकाना कधीही रिकामा ठेवू नये.

मॉरिशसच्या चलनाचे नावही रुपया असेच आहे. त्यामुळे फसगत होण्याचा संभव असतो. गेल्या काही वर्षांत तेथील एका रुपयासाठी आपल्या दोन रुपयांहून थोडे कमी पैसे मोजावे लागले आहेत. म्हणजे पाचशे रुपयांची वस्तू पाहताना ती आपल्या सुमारे नऊशे ते हजार रुपयांची आहे, हे ध्यानी ठेवावे लागते. नेमका दर निघण्यापूर्वी बँकेत विचारून घ्यावा.

परकीय चलन बँकेकडून किंवा रिझर्व्ह बँकेने मान्यता दिलेल्या विक्रेत्याकडूनच घ्यावे आणि पावती जपून ठेवावी. बरोबर नेण्याच्या रोख परकीय चलनावर मर्यादा असते; बाकीची रक्कम कार्डाच्या रूपात नेता येते. परत येताना हाताशी असावेत म्हणून नेलेल्या भारतीय रुपयांची मर्यादा पंचवीस हजार आहे. बँकेची अनेक कार्डे केवळ देशांतर्गत व्यवहारांसाठीच खुली असतात. परदेशातील वापर बँकेला सांगून किंवा मोबाइलवरून सुरू करून घ्यावा लागतो. १२ फेब्रुवारी २०२४ पासून मॉरिशसमध्ये यूपीआय आणि रुपे कार्डाची सेवा सुरू झाली आहे. तरी प्रत्येक दुकानात ती असेलच असे नाही. थोडी रोख रक्कम जवळ असावी. परदेशी सहलीच्या पॅकेजवर संस्था काही कर आधीच वसूल करते. त्याची नोंद आपल्या पॅन क्रमांकावर होते आणि आयकर विवरणपत्र भरून ती रक्कम हिशेबात धरता येते. म्हणून त्याचे प्रमाणपत्र मागून घ्यावे.

वादळ, विमा आणि औषधे

मॉरिशसमध्ये चक्रीवादळांचा काळ साधारणपणे नोव्हेंबर ते मे असा असतो. प्रत्येक वर्षी वादळ बेटावर धडकतेच असे नाही. पण शक्यता नाकारता येत नाही. १५ जानेवारी २०२४ रोजी बेलाल या चक्रीवादळामुळे झालेल्या पावसाने राजधानी पोर्ट लुईच्या रस्त्यांवर पूर आला आणि मोटारी वाहून गेल्या. वादळाचा इशारा तेथे चार टप्प्यांत दिला जातो. टप्पा वाढत गेला की वाहतूक, दुकाने आणि विमानतळ बंद होऊ शकतात. अशा वेळी समुद्र पाहण्यासाठी बाहेर पडणे धोक्याचे असते. निवासस्थानीच थांबावे लागते.

या कारणामुळे दोन गोष्टी आवश्यक ठरतात. पहिली म्हणजे परतीची तारीख आणि कामावर रुजू होण्याची तारीख यांत एक-दोन दिवसांचे अंतर. दुसरी म्हणजे प्रवासविमा. विमापत्र घेताना उड्डाण रद्द झाल्यास काय मिळते आणि आधीपासून असलेल्या आजारांना संरक्षण आहे का, हे तपासावे. आजीला मधुमेह किंवा रक्तदाबाचा विकार असेल, तर तो अर्जात लपवू नये. विम्याचा हप्ता थोडा वाढेल म्हणून लपवलेली माहिती पुढे दावा नामंजूर होण्याचे कारण बनते.

औषधे मूळ वेष्टनात आणि डॉक्टरांच्या चिठ्ठीसह न्यावीत. झोपेच्या गोळ्या आणि काही तीव्र वेदनाशामके यांबाबत मॉरिशसचे नियम कडक आहेत. अशी औषधे घेत असल्यास तेथील नियम आधीच पाहावेत. नेहमीची औषधे हातातील पिशवीत ठेवावीत, कारण विमानाच्या पोटात ठेवलेले सामान कधीकधी उशिरा पोहोचते. मोबाइलसाठी वापरण्याची पॉवर बँकही हातातील पिशवीतच न्यावी लागते. शंभर मिलिलिटरपेक्षा अधिक द्रव पदार्थाची बाटली मात्र हातातील पिशवीत चालत नाही. बियाणे, रोपे, ताजी फळे आणि माती नेण्यावर निर्बंध असतात. छोट्या बेटावर परक्या किडी आल्या, तर तेथील शेतीचे मोठे नुकसान होते, हे त्यामागील कारण आहे.

प्रत्येक पासपोर्टच्या छायाप्रती काढून त्या मूळ पासपोर्टपासून वेगळ्या ठेवाव्यात. पासपोर्ट हरवल्यास स्थानिक पोलिसांकडे तक्रार नोंदवून पोर्ट लुई येथील भारतीय उच्चायुक्तालयाशी संपर्क साधावा लागतो. त्या वेळी या प्रती उपयोगी पडतात.

काय पाहावे?

सहलीचा कार्यक्रम आखताना घरातील प्रत्येकाचा विचार व्हावा. पाम्पलमूस येथील वनस्पती उद्यानात परातीएवढ्या पानांची विशाल जलकमळे आहेत. शामारेल येथे अनेक रंगांच्या मातीचे उंचवटे आहेत. डोंगरांच्या कुशीत गंगा तलाव आहे. पोर्ट लुईच्या संग्रहालयात मुलांना डोडो या नामशेष झालेल्या पक्ष्याची माहिती मिळते. पोर्ट लुई ते क्युरपीप अशी मेट्रोही धावते. एका दिवसात दोनपेक्षा अधिक ठिकाणे ठेवली, तर वयस्कांची दमछाक होते.

मात्र पोर्ट लुईच्या बंदराजवळील आप्रवासी घाट पाहिल्याविना ही सहल पूर्ण होत नाही. ब्रिटिश संसदेने १८३३ मध्ये गुलामगिरी रद्द करणारा कायदा केला. त्यानंतर उसाच्या मळ्यांसाठी भारतातून करारावर मजूर आणले जाऊ लागले. २ नोव्हेंबर १८३४ रोजी ॲटलस नावाच्या जहाजातून छत्तीस मजूर येथे उतरले. पुढील सुमारे आठ दशकांत जवळजवळ पाच लाख भारतीय या बंदरात आले. काहींना येथून पुढे इतर वसाहतींत पाठवण्यात आले. कराराला इंग्रजीत ‘ॲग्रीमेंट’ म्हणतात. त्या शब्दाचा अपभ्रंश होऊन ‘गिरमिट’ आणि त्यावरून ‘गिरमिटिया’ हे शब्द रूढ झाले. जहाजातून उतरलेली माणसे ज्या सोळा पायऱ्या चढून गेली, त्या तेथे जतन करून ठेवल्या आहेत. युनेस्कोने २००६ मध्ये या स्थळाला जागतिक वारशाचा दर्जा दिला.

त्या मजुरांपैकी बहुतेकांना अक्षरओळख नव्हती. ज्या कागदाने त्यांच्या आयुष्याची पुढची वर्षे बांधून टाकली, तो कागद त्यांना वाचता येत नव्हता. कोठे जायचे, किती दिवसांचा प्रवास आहे, काम कोणते, हे दलाल सांगेल तेच त्यांना खरे मानावे लागे. त्यांतील अनेकांना पुन्हा आपले गाव दिसले नाही.

आज त्याच समुद्रावरून जाणाऱ्या कुटुंबाची स्थिती वेगळी असू शकते. पासपोर्टवरील प्रत्येक नोंद, तिकिटावरील नाव, विम्याच्या अटी आणि पॅकेजमधील बारीक अक्षरे त्यांनी स्वतः वाचलेली असतील, तर त्यांना कोणाच्याही तोंडी शब्दावर अवलंबून राहण्याचे कारण नाही. इंदूरच्या त्या घरात जून महिन्यात जेवणे आटोपल्यावर सर्व कागद मांडून आई एकेक ओळ मोठ्याने वाचते आणि आजी ऐकता ऐकता न समजलेले पुन्हा विचारते. सहलीची खरी सुरुवात तेथेच झालेली असते.